सेव्ह मोडमधले आठ दिवस

गाडी शुक्रवारी संध्याकाळी आली आणि तिच्याबरोबर एक कागद आला. त्या कागदावर प्रबुद्धने सही केली होती, की पुढचे दहा दिवस ही गाडी कशी चालवायची याबद्दल तो आपल्या बायकोला एक अक्षरही सांगणार नाही. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. नवऱ्याने गाडीत गप्प बसावं असं कुणी लेखी घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी त्या कागदाचा फोटो काढून बहिणीला पाठवला. तिने तो तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

प्रबुद्ध मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या टीमने एक प्लग-इन हायब्रिड गाडी केली होती. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी मोठी बॅटरीही आहे, आणि कोण कधी कामाला लागणार हे समोरच्या चार बटणांवर ठरतं. इलेक्ट्रिक, हायब्रिड, सेव्ह, स्पोर्ट. गाडी बाजारात यायला अजून वेळ होता, त्याआधी तीन घरांत ती चालवून बघायची होती.

"आम्ही चालवतो तेव्हा सगळं बरोबरच येतं," प्रबुद्ध म्हणाला. "साधं माणूस काय करतं ते बघायचंय."

"साधं माणूस म्हणजे मी?"

"तू एम.एस्सी. फिजिक्स आहेस, ते मी त्यांना सांगितलंच नाही. तुला काढून टाकलं असतं."

अटी सोप्या होत्या. रोज निदान तीस किलोमीटर फिरवायची, रोज चार्ज करायची, बटण मनाला येईल ते दाबायचं. गाडी आपली आपण सगळं कंपनीला कळवणार.

मी हो म्हणाले ते गाडीच्या हौसेने नाही. घटकेसरच्या अलीकडे एका कॉलेजात मी शिकवते. विद्यानगरच्या आमच्या फ्लॅटपासून चोवीस किलोमीटर. राणी झाल्यापासून रजेवर होते, तीही एकदा वाढवून घेतलेली, आणि आता आमचे प्राचार्य बाळकृष्ण सर यांनी शेवटची तारीख दिली होती. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी दहापर्यंत येणार की नाही ते सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला. कॉलेजच्या आवारात पाळणाघर आहे, तिथल्या बाई मायाळू आहेत, सगळं आहे. फक्त राणीला मागे बसवून तिथवर गाडी नेता यायला हवी. आणि राणीच्या जन्मानंतर आठ महिन्यांत मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आमची जुनी गाडी प्रबुद्ध चालवायचा. मी मागे राणीशेजारी बसून तिचे श्वास मोजायचे.

गाडी परत जायची तीही त्याच सोमवारी, दहा वाजता. मी मनाशी ठरवून टाकलं, या दहा दिवसांत राणीला घेऊन कॉलेजपर्यंत जाऊन परत आले तर हो, नाहीतर नाही. कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंना न सांगताच कळलं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, कोंडाबाई. मूळच्या नांदेडकडच्या, पण चाळीस वर्षं हैदराबादेत, त्यातली तीस रेल्वेच्या नोकरीत. गुडघे गेलेत, बाकी सगळं शाबूत आहे. "पोरीला मी खेळवीन, खाऊ घालीन, पर तिच्या मागं पळायचं काम माज्याच्यानं व्हनार नाही," हे त्यांनी राणी रांगायला लागली त्याच दिवशी जाहीर केलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या निर्मलाताई नवी गाडी आली म्हणून चार लिंबं घेऊन आल्या, चाकांखाली ठेवायला. आत्याबाईंनी लिंबं हातात घेऊन दाबून बघितली, म्हणाल्या, "लई रसाळ हायेत," आणि त्यांचं सरबत केलं. निर्मलाताईंनीही एक पेला घेतला. मग आत्याबाई मागच्या सीटवर बसून शांतपणे त्रिसरण म्हणाल्या आणि त्यांच्या लेखी गाडीचं सगळं काम झालं.

शनिवारी सकाळी कोठीच्या दवाखान्यात राणीची लस होती. मी निघण्याआधी बॅग तपासली. लंगोट आठ, झबली चार, पाण्याच्या बाटल्या दोन, ताप मोजायचं यंत्र, त्याचे जादा सेल, त्या सेलचेही जादा सेल. पट्टा तपासला. पुन्हा तपासला. प्रबुद्ध मागे राणीशेजारी बसला, आत्याबाई पुढे. मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

"चालूच होत नाहीये."

प्रबुद्धने तोंडावर हात ठेवला.

गाडी चालू होती. फक्त आवाज नव्हता. मी ब्रेक सोडला आणि आमची बिल्डिंगच मागे सरकायला लागली असं वाटलं. आठ महिन्यांनी माझ्या पायाखाली काहीतरी हलत होतं आणि ते मी हलवत होते. नल्लाकुंट्यापर्यंत मी हसत होते, आणि का हसतेस असं कुणी विचारलं नाही, कारण विचारायला बसलेल्याला बोलायची बंदी होती.

लस झाली, राणी रडली, झोपली. आत्याबाईंना सुलतान बाजारात परकराचं कापड घ्यायचं होतं. तिथल्या गल्लीत आमच्या पुढे एक माणूस डोक्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन मधोमध चालला होता. गाडीला आवाज नाही, त्यामुळे त्याला पत्ता नाही. हॉर्न वाजवला तर राणी उठेल. मी त्याच्या मागे, तो माझ्या पुढे, अशी आमची वरात निघाली. शेवटी आत्याबाईंनी काच खाली केली.

"ओ भय्या, जरा बाजू होव."

तो वळला, गाडी बघून दचकला. "ढकलके लाए क्या अम्मा?"

"चालू हाय जी."

"आवाज किधर है फिर?"

"घर पे रखके आए," आत्याबाई म्हणाल्या.

त्याने गठ्ठा सांभाळत बाजूला होऊन आम्हाला मुजरा केला. आणि मी हसता हसता समोरच्या पडद्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. सकाळी तिथे शंभर टक्के लिहिलेलं होतं. आता त्र्याऐंशी होतं.

त्र्याऐंशी. घरापासून जेमतेम सहा किलोमीटर आले होते. मी बघत असतानाच ब्याऐंशी झालं. फोनची बॅटरी उतरली की काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं, पण फोनमध्ये बाळ बसलेलं नसतं. ब्याऐंशीचं एक्याऐंशी होईल, मग साठ, मग वीस, आणि एखाद्या पुलाच्या मध्यावर ही बिनआवाजाची गाडी बिनआवाजाची बंद पडेल. मी बटणं वाचली. सेव्ह. हाच शब्द मला हवा होता. दाबला.

इंजिन गुरगुरलं. आकडा ब्याऐंशीवर थांबला, एकदम आज्ञाधारकपणे थांबला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी आत्याबाईंना कापडाबरोबर दोन ब्लाउजपीसही घेऊन दिले. आरशात बघितलं तर प्रबुद्धने डोळे मिटून डोकं सीटला टेकवलं होतं. मला वाटलं त्याला झोप आली.

त्या दिवसापासून मी सेव्ह सोडलं नाही.

रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या प्लगला गाडी लावायची, सकाळी शंभर टक्के. बाहेर पडताच सेव्ह. बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर, तीस किलोमीटर फिरून परत यायचं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव. ते दोन टक्के गेलेलेही मला खुपायचे, पण संध्याकाळी लगेच भरून निघायचे. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं. आत्याबाई पाणी आलं की पिंप, बादल्या, हंडे, कुकर, चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवतात, आणि मग त्या भरलेल्या पाण्याला कुणी हात लावला की त्यांचा जीव कासावीस होतो. गाडीचा पडदा मी त्यांना दाखवला तेव्हा त्यांना तो पटकन समजला.

"शंभर म्हंजे काठोकाठ?"

"काठोकाठ."

"आन् आज किती वापरलं?"

"दोन."

"शाणी हाईस," त्या म्हणाल्या. एवढं मोठं सर्टिफिकेट मला एम.एस्सी.लाही मिळालं नव्हतं.

प्रबुद्धची मात्र दिवसेंदिवस तब्येत ढासळत चालली होती. तो ऑफिसला जायच्या आधी पार्किंगमध्ये उभा राहून गाडीकडे बघायचा. एकदा मी सेव्ह दाबलं तेव्हा मागून इतका मोठा उसासा आला की राणी दचकली. मंगळवारी त्याने नवीन युक्ती काढली.

"राणी," तो मागे तिला सांगायला लागला, "एक होता राजा. त्याच्याकडे दोन घोडे होते. एक घोडा गावात छान चालायचा, दुसरा लांबच्या रस्त्याला. पण राजा काय करायचा, गावातल्या घोड्याला खाऊ घालून घालून नुसताच बरोबर..."

मी रेडिओ मोठा केला. "कागदावर सही आहे, प्रबुद्ध."

"मी तुला सांगतच नाहीये. मी माझ्या मुलीला गोष्ट सांगतोय."

"तिला गोष्टी कळायला अजून वेळ आहे."

"कुणाकुणाला एम.एस्सी. होऊनही कळत नाहीत," तो म्हणाला, आणि मग स्वतःच घाबरून खिडकीबाहेर बघायला लागला.

बुधवारी सकाळी साडेसहाला मी आणि आत्याबाई दोघीच निघालो, दूध आणायच्या निमित्ताने. राणी बापाजवळ झोपलेली होती. अडिकमेटच्या पुलावर चढाला लागलो आणि मी सेव्ह दाबायला गेले ते बोट शेजारी पडलं. स्पोर्ट.

पडदा लाल झाला. इंजिन आणि मोटर दोघंही एकाच वेळी उठली. मी ॲक्सिलरेटरवर नेहमीएवढाच पाय दिला होता, पण गाडीने तो वेगळ्याच अर्थाने घेतला. पाठ सीटला चिकटली. पुलाचा चढ कधी संपला कळलं नाही, समोर रिकामा रस्ता, डावीकडे युनिव्हर्सिटीची झाडं, आणि आत्याबाईंचा पदर मागच्या सीटपर्यंत उडालेला. मी ब्रेक लावत लावत गाडी कडेला घेतली.

"आत्याबाई, लागलं का कुठे? चुकून झालं. मी आता कधीच..."

आत्याबाई समोर बघत होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. त्यांनी तो वर केला.

"वळीव," त्या म्हणाल्या. "परत चढ."

"काय?"

"त्या पुलावरनं परत. तीस वर्षं रेल्वेत काडली, कुनी इंजनात बसू दिलं नाही."

आम्ही तो पूल चार वेळा चढलो. दुसऱ्यांदा मी घाबरत, तिसऱ्यांदा ओरडत, चौथ्यांदा दोघी ओरडत. वेग मर्यादेतच होता हे मी सांगते, कारण मी दर दोन सेकंदांनी काटा बघत होते, पण तो वेग गाठायला गाडीला जो क्षणभर लागत होता त्या क्षणात माझं पोट दर वेळी विद्यानगरलाच राहत होतं. मग बॅटरी बघितली. ब्याण्णव. मी लगेच सेव्ह दाबलं. दूध आणायचं विसरलो. घरी काळा चहा प्यायलो, आणि प्रबुद्धने विचारलं तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "दूध संपलं व्हतं दुकानात," आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अशाने वाटेल की माझी भीती गेली होती. तसं काही नाही. राणी मागे असली की मी ताशी पस्तीसच्या वर जात नव्हते, आणि कॉलेजचा रस्ता सोडून सगळीकडे जात होते. तारनाक्याच्या सिग्नलला पोचायचं आणि उप्पलकडे वळायच्या ऐवजी परत फिरायचं, असं गुरुवारी झालं, शुक्रवारी झालं. दर वेळी कारण निघायचं. ऊन आहे. ट्रॅफिक असेल. बॅटरी अठ्ठ्याण्णवच आहे, शंभर असती तर गेले असते.

शनिवारी दुपारी फोन आला. प्रबुद्धच्या ऑफिसमधल्या अलका मॅडम, तिन्ही घरांच्या नोंदी त्याच ठेवतात. मराठीच बोलतात, औरंगाबादच्या आहेत. मी फोन स्पीकरवर ठेवला, कारण मांडीवर राणी होती. प्रबुद्ध ओट्यापाशी खिचडी हलवत होता.

"रूपालीताई, दोनच प्रश्न. मला चूक-बरोबर काही सांगता येत नाही हं, मी फक्त लिहून घेते. गाडी रोज चार्ज करता?"

"रोज. एकही दिवस चुकवला नाही."

"बॅटरी नेहमी भरलेलीच दिसते, म्हणून विचारलं. आम्हाला वाटलं मीटर अडकला. तुम्ही कायम सेव्हवर ठेवता ते कशासाठी?"

"बॅटरी वाचते ना."

"बॅटरी वाचते," त्या लिहीत होत्या. "आणि ती कशासाठी वाचवता?"

"अडीअडचणीला. बाळ आहे बरोबर. रात्रीबेरात्री दवाखाना, रस्ता बंद, कुठे अडकलो. समजा पेट्रोल संपलं आणि पंप बंद असला तर?"

"पेट्रोल संपलं तर बॅटरी हवी."

"हो."

"आणि बॅटरी राहावी म्हणून तुम्ही रोज पेट्रोल जाळता." लिहिणं थांबलं. "मी बरोबर लिहितेय ना, ताई?"

ओट्यापाशी डावही थांबला.

मी राणीकडे बघितलं. राणीने माझ्याकडे बघितलं. तिला नववा महिना चालू होता आणि मला त्या क्षणी तिची नजर प्रबुद्धची वाटली.

"पुन्हा वाचता का जरा," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा तर ते आणखीनच वाईट वाटलं. फोन ठेवल्यावर मी राणीच्या लसीच्या फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर गणित मांडलं. आठ दिवस, दोनशे ऐंशी किलोमीटर, एकवीस-बावीस लिटर पेट्रोल. आमची जुनी गाडीसुद्धा याहून बरी चालते. दीडशे किलोची भरलेली बॅटरी मी लग्नातल्या मानकरी पाहुण्यासारखी नुसती गावभर मिरवत होते, आणि तिचं वजन ओढायला पेट्रोल वेगळं जाळत होते. एवढंच नाही. ब्रेक लावला की ही गाडी जाणारी शक्ती पकडून बॅटरीत परत घालते, पण काठोकाठ भरलेल्या बॅटरीत घालणार कुठे? हैदराबादच्या ट्रॅफिकमध्ये आठ दिवस लावलेले सगळे ब्रेक फुकट गेले होते. आणि मी कॉलेजात उष्णता आणि ऊर्जा हाच विषय शिकवते.

मला हसू यायला लागलं. आधी बारीक, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. राणीही हसायला लागली, तिला काय, तिला निमित्त पुरतं.

"तू आठ दिवस हे बघत होतास?" मी प्रबुद्धला विचारलं.

"मला डॉक्टरने बी.पी.ची गोळी लिहून द्यायची बाकी आहे."

"राणीला तरी सांगायचंस."

"सांगत होतो. घोड्यांपर्यंत आलो होतो, तू रेडिओ लावलास."

"आणि तो गावातला घोडा, तो थकला तर? रस्त्यात?"

प्रबुद्धने तोंड उघडलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, सोमवारला दोन दिवस होते, तोंड मिटलं आणि खिचडी वाढली.

म्हणजे तेवढं एक मला कुणी सांगणार नव्हतं. शून्य झाल्यावर इंजिन आपोआप लागतं हे गाडीच्या माहितीपुस्तकात मला दिसत होतं, डोकं कबूलही करत होतं. पण राणी मागे असताना शून्य बघायचं हे डोक्याचं काम नाही. रविवारी सकाळी मी कॉलेजला निघाले. इलेक्ट्रिकवर. प्रबुद्ध चपला घालायला लागला तेव्हा म्हटलं, तू नको. रोज तू थोडाच येणार आहेस.

"मी येते," आत्याबाई म्हणाल्या. "पर मला मोजू नक्को. तांदळाचं पोतं ठेवलंय समज."

पोतं मागे राणीशेजारी बसलं. तारनाक्याच्या सिग्नलला मी उजवीकडे, उप्पलच्या दिशेला वळले. एवढं एक वळण, तीन दिवस लागले. ऐंशी टक्के होते. तिथूनच मेट्रोचे खांब सुरू झाले आणि उप्पलला रविवार असूनही कोंडी. मी ब्रेक लावला, पुढची बस हलली, पुन्हा ब्रेक, आणि पडद्यावर बहात्तरचं त्र्याहत्तर झालं.

"आत्याबाई, वाढलं."

"काय वाढलं?"

"बॅटरी. ब्रेकने वाढली."

"मंग लाव की आजून."

कोंडीत अडकून आनंद होणारी त्या रस्त्यावर मी एकटीच असेन. घटकेसरच्या अलीकडे कॉलेजचं फाटक आलं तेव्हा चव्वेचाळीस होते. राणी पूर्ण वाट झोपलेली. फाटक बंद, वॉचमन म्हणाला, "आज छुट्टी है मॅडम." मी म्हणाले माहीत आहे, नुसतंच आले. त्याने मान हलवली, जणू रोज असे लोक येतात. कडुलिंबाच्या सावलीत राणीला पाजलं, लंगोट बदलला, पट्टा दोनदा तपासला.

परतीचं गणित मला न मांडताच कळत होतं. चोवीस किलोमीटर जायचंय, चव्वेचाळीस टक्क्यांत एकोणीस होतील. म्हणजे हब्सीगुड्याच्या आसपास शून्य. बोट सेव्हवर गेलं. आताच दाबलं तर चव्वेचाळीस राहतील, घरापर्यंत राहतील, उद्यापर्यंत राहतील. उद्या गाडी परत जाईल तेव्हाही राहतील.

"आत्याबाई, वाटेत संपणार आहे."

"संपू दे. ढकलायला मी हाय की," गुडघ्यांवर हात ठेवून आत्याबाई म्हणाल्या.

मी बोट काढलं. तीस. पंचवीस. ऊन वाढलं, एसी वाढवला, आकडा भराभर उतरायला लागला. उप्पलला चौदा, आणि तिथेच राणी उठली. उठली ती रडतच. एरवी मी गाडी बाजूला घेतली असती, पण तिथे बाजूच नव्हती. डावीकडे बस, उजवीकडे खांब, मागे रिक्षा. राणीचा आवाज चढत गेला. अकरा.

"राणी, मी आहे गं, मी इथेच आहे," मी समोर बघत म्हणत होते, आणि त्याचा तिच्यावर काहीही परिणाम होत नव्हता.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "भॉ."

मेट्रोचा खांब आला की भॉ. पुढचा खांब, भॉ. राणी थांबली. खांबाखांबांच्या मधे आत्याबाई श्वास धरून बसायच्या, जणू पुढचा येणारच नाही, आणि मग तो यायचा. चौथ्या खांबाला राणी हसली. सहाव्याला तिला कळलं की हे येतं. ती आधीच किंचाळायला लागली. आणि मग ती हसली ते आजवर मी कधी ऐकलं नव्हतं, पोटातून, थांबता न येणारं, हिचकी लागेपर्यंतचं. मीही भॉ म्हणायला लागले. चूक झाली, मी एक खांब आधीच म्हटलं, तर त्याचंही तिला हसू. शेजारच्या बसमधली एक बाई खिडकीतून आमच्याकडे बघत होती. तिलाही मी भॉ केलं. ती आधी गोंधळली, मग तिनेही केलं.

तारनाक्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. मी थांबले, डोळे पुसले आणि मग आठवलं.

पडद्यावर बॅटरीच्या जागी रिकामी चौकट होती. खाली पेट्रोलचा काटा होता आणि गाडी हायब्रिडवर होती. सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी पुढे गेली. तेवढंच. मागे कुठेतरी, त्या खांबांमध्ये, शून्य येऊन गेलं होतं. राणीच्या प्रत्येक शिंकेची वेळ लिहून ठेवणारी मी, ज्या एका गोष्टीवर आठ दिवस डोळा ठेवून होते ती व्हायची तेव्हा बसमधल्या बाईला भॉ करत होते.

"आत्याबाई, इंजिन कधी लागलं?"

"मगाशीच कायतरी घुरघुरलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माज्या पोटात."

पार्किंगमध्ये पडद्याने दिवसाचा आकडा दाखवला. अठ्ठेचाळीस किलोमीटरला पाव लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. प्रबुद्ध जिन्यातच उभा होता. त्याने तो आकडा वाचला, आणि कागदाप्रमाणे एक अक्षरही न बोलता राणीला उचलून पार्किंगभर नाचला. वॉचमन प्लग हातात घेऊन बघत राहिला.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी बाळकृष्ण सरांना फोन लावला. आत्याबाई समोर राणीला नाचणीची पेज भरवत होत्या, म्हणजे निम्मी भरवत आणि निम्मी स्वतःच्या पदराला पुसत.

"सर, मी येतेय."

"येतेय म्हणजे आत्ता की एक तारखेला?"

"एक तारखेपासून, सर. बाळाला घेऊन. मीच गाडी चालवत."

"वा, वा. मग असं करतो, तुला फर्स्ट इयरचा आठचा तास देतो. सकाळी आठ. कुणी घ्यायला तयार नाही तो. चालेल?"

"चालेल, सर," मी म्हणाले, इतक्या झटकन की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा चालेल म्हणाले.

फोन ठेवला आणि मग बोटांवर मोजायला लागले. आठला तास, म्हणजे पावणेआठला पाळणाघर. म्हणजे साडेसहाला घर सोडायचं, उप्पलची कोंडी धरून सव्वासहाला. म्हणजे राणीची आंघोळ पावणेसहाला, दूध सव्वापाचला, माझं आवरणं साडेचारला, बॅग भरणं चारला, डबा त्याच्याही आधी, आणि बॅग पुन्हा तपासायला निदान...

आत्याबाईंनी चमचा वाटीत ठेवला.

"म्हंजे आदल्या दिवशीच निगाय पायजे," त्या म्हणाल्या. "वाटेत जेवायला थांबू."